तक्त्याबाहेरचे मीठ

शहराचे सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यायचे आणि धरणातले पाणी पिण्यासाठी राखायचे, ही कल्पना उत्तम होती, हे आधीच सांगितलेले बरे. वाईट कल्पनांपासून लोक सावध असतात. उत्तम कल्पनेला मात्र कोणी प्रश्न विचारत नाही, आणि विचारलाच तर त्याची गणना प्रगतीच्या शत्रूंत होते.

शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती. खिडकीतून तीन गोल टाक्या दिसत. पहिलीत काळा फेस. तिसरीत पाणी इतके नितळ की तळाच्या फरशीचे सांधे मोजता यावेत. रोज सकाळी ती तिसऱ्या टाकीतून बाटली भरून आणी आणि बारा रकान्यांचा तक्ता भरी. गढूळपणा, वास, जंतू, शिसे, क्लोरीन... बाराही रकान्यांत एकच शब्द: योग्य. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही चुकीची नोंद झाली नव्हती. तिच्या बाजूने सांगण्यासारखी ही मोठी गोष्ट आहे. तिच्याविरुद्ध सांगण्यासारखीही हीच.

शहराबाहेर तिच्या वडिलांची लिंबांची बाग होती. निम्मी रोपे आईने जुन्या डब्यांतून वाढवलेली. आई गेल्यावर वडील बागेतच राहायला गेले होते. योजनेत सामील व्हायचे तर शेतकऱ्याने धरणाच्या कालव्यातल्या पाण्यावरचा हक्क कायमचा सोडायचा होता, आणि पहिली सही करायला कोणी पुढे येत नव्हते. केंद्राचे साहेब हसत म्हणाले, “मॅडम, घरापासूनच सुरुवात करा की.”

“गटाराचं पाणी?” वडिलांनी विचारले. “तुझ्या आईने ऐकलं असतं तर तुला आधी आंघोळ घातली असती, मग घरात घेतलं असतं.”

“बाबा, काचेसारखं असतं हो ते. बघा तरी येऊन.”

“तू पितेस का?”

“ते पिण्यासाठी नाहीच. म्हणून तर पिण्याचं वाचतं ना.”

“आणि तपासतं कोण?”

“मीच. रोज.”

“मग एवढं भाषण कशाला देतेस? आण तो कागद.”

त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून खाली तिने केली.

पहिले वर्ष दृष्ट लागण्यासारखे गेले. शेजारच्या शेतातले काका कुंपणावरून ओरडत, “काय गटारसम्राट, बाग बरी आहे ना?” वडील उत्तर देत, “तुझ्या पानांपेक्षा माझी पानं हिरवी आहेत. जळ तू!”

दुसऱ्या वर्षी पाऊस नावापुरता पडला, तिसऱ्या वर्षी तेवढाही नाही. पानांची टोके तपकिरी होऊ लागली, जणू कोणी प्रत्येक पान उदबत्तीवर धरले असावे. वडिलांनी एक फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या टेबलावर आणून ठेवली. तिने महिन्याभराचे तक्ते समोर मांडले. वडिलांनी ते बोट फिरवत शेवटपर्यंत वाचले.

“सगळं योग्य आहे की,” ते म्हणाले. “मग माझंच खत चुकत असेल.”

खत बदलले. छाटणी बदलली. पुढच्या बहराची फुले फळ न धरता गळाली. “अरे, झाडं वाळताहेत आणि तू कागद काय दाखवतोस?” काका चिडून म्हणाले.

“कागद नाही दाखवत,” वडील म्हणाले. “पोरगी दाखवतोय.”

हे तिला काकांकडूनच कळले. त्या दिवशी तिने प्रयोगशाळेच्या कपाटातून, मागच्या कोपऱ्यातले, पेनाएवढे एक यंत्र काढले. पाण्यातले क्षार मोजायचे. त्याच्यावरचे प्लास्टिकसुद्धा कोणी काढले नव्हते. ते बाटलीत बुडवले, आकडा वाचला, दुसरी बाटली भरून आणली, पुन्हा वाचला. दोन्ही वेळा क्षार झाडांना सोसतील त्याच्या कितीतरी वर होते.

बारा रकान्यांचा तो तक्ता पिण्याच्या पाण्याच्या तक्त्यावरून जसाच्या तसा उतरवलेला होता. माणूस ज्याने आजारी पडतो ते सारे त्यात होते. शुद्धीकरणात जंतू मरतात, दुर्गंधी जाते; विरघळलेले मीठ आणि धुण्याच्या पावडरीचे क्षार मात्र तिन्ही टाक्या पार करून सुखरूप बाहेर येतात. माणूस मीठ घामावाटे, लघवीवाटे टाकून मोकळा होतो. झाड पानांतून पाणी हवेत सोडते आणि मीठ स्वतःजवळ ठेवते. हे पाणी पिणारे झाड आहे, ही बाब इतक्या विद्वानांपैकी कोणालाही सुचली नाही. बागाईतदाराच्या मुलीलाही नाही.

उपाय पुस्तकात होता आणि सोपा होता: दोनदा भरपूर गोडे पाणी सोडायचे, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरते. पहिल्या वर्षी हेच काम पावसाने केले होते. ती साहेबांकडे गेली.

“मॅडम, पिण्याचं पाणी झाडांना ओता म्हणताय? आपण? या केंद्रातून?”

“दोनच पाळ्या, साहेब. कालव्यातून.”

“हक्क कायमचा सोडलाय.” त्यांनी फाइल तिच्याकडे वळवली. “साक्षीदार कोण आहे, वाचा.”

“निदान तक्त्यात तेरावा रकाना तरी घाला.”

“घालू की. हे छापलेले तक्ते संपले की घालू.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आणि बाहेर बोलू नका. योजना चांगली आहे, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.”

ते खरेच होते. कोणत्याही शत्रूला सुचला नसता इतका नेमका अपमान त्या वाक्यात होता. बाहेर केंद्राच्या हिरवळीला माळी नळाचे पाणी घालत होता. पिण्याचे. पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांना वास येण्याची शंकासुद्धा चालत नसे.

ती थेट बागेत गेली आणि सगळे सांगून टाकले. वडील आळ्याच्या कडेला बसून ऐकत राहिले. तिथल्या मातीवर पांढुरकी साय धरली होती. त्यांनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली.

“सगळ्या शहराचं मीठ खाल्लं बिचाऱ्यांनी,” ते म्हणाले. “जागली मग त्याला.”

“बाबा, मी चुकले.”

“बारा खाने दिले होते, बारा भरलेस.”

“मला रागवा ना.”

“कशाला? दोघं बसून रडायला?” ते उठले. “किती दिवस आहेत यांचे?”

“फळ येणार नाही. उन्हाळ्यानंतर बहुतेक...”

त्यांनी ते वाक्य तिला पुरे करू दिले नाही. खोपटातून दोन मुठींची करवत आणली आणि बागेच्या पार पलीकडच्या टोकाकडे चालू लागले.

“इथून नको,” ते म्हणाले. “रस्त्यावरून दिसतं. लोक विचारतात.”

त्यांनी एक मूठ तिच्या हातात दिली. तिला जमेना, पाते अडकत होते.

“ढकलू नकोस. फक्त ओढायचं. ढकलायचं काम माझंही नाही. तू ओढ, मग मी ओढतो.”

झाड आतून अजून ओले होते. भुश्शाला लिंबाचा वास येत होता. तिसरे झाड पडले तसे काका कुंपणाशी धावत आले. “अरे, काय करतोयस? झालं काय? पाण्याने गेली का शेवटी?”

वडिलांनी कपाळ पुसले.

“म्हातारी झाली होती रे झाडं,” ते म्हणाले.

झाडे अठरा वर्षांची होती. फळ देण्याच्या ऐन भरातली. हे काकांना माहीत होते, तिलाही माहीत होते. आता काका तिच्याकडे पाहत होते. तिने मान खाली घातली, चौथ्या झाडाशी पाते टेकवले आणि आपल्या बाजूने ओढले.