न वाचलेली पहिली ओळ

सकाळी सव्वासात वाजता आईच्या उशाशी असलेलं ऑक्सिजनचं मशीन थांबलं. आधी त्याची घरघर खोल गेली, मग एक लांब शिट्टी वाजली आणि स्वयंपाकघरातून ताई धावत आली. तिचा धाकटा भाऊ अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. त्याने प्लग काढला, पुन्हा लावला, मशीनच्या पाठीवर थाप मारून पाहिली. मग नळी काढून कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडली. सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. ताईने आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा पाहिला.

"काय झालं रे गॅरंटी, तुझ्या मशीनला?" आई म्हणाली. एवढ्या वाक्यात तिला दोनदा थांबावं लागलं.

हे नाव त्याला दुकानातून मिळालं होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही विकणाऱ्या मोठ्या दुकानात तो विक्रेता आहे. वस्तू कोणीही विकेल. गिऱ्हाईक बिलाच्या काउंटरला पोचेपर्यंत वाढीव वॉरंटी त्याच्या गळ्यात मारावी ती यानेच. त्यात दुकानाला किती सुटतं हे त्याला ठाऊक होतं. बहुतेकांना ती कधी लागत नाही आणि ज्यांना लागते ते 'हा भाग यात बसत नाही' एवढं ऐकून परत जातात, हेही ठाऊक होतं. स्वतःच्या घरातल्या एकाही वस्तूवर त्याने ती घेतली नव्हती.

आईला हॉस्पिटलमधून घरी आणायचं तर हे मशीन लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा दोघं भावंडं ते घ्यायला गेली होती. तिथल्या विक्रेत्याने वाढीव वॉरंटीचा कागद पुढे केला आणि बोलायला लागला. वाक्यं तीच, क्रमही तोच. 'देव न करो' म्हणून तो थांबला, तोही नेमका याच्याइतकाच. याला हसू आलं.

"घेऊन टाकू ना," ताई म्हणाली. "आईचा प्रश्न आहे."

"ताई, तुझ्या वर्गात येऊन मी तुला शिकवतो का? हा माझा धंदा आहे."

त्याने कागद न उघडता परत दिला. दुसरा विक्रेताही हसला. धंद्यातल्या माणसाला तो ओळखून होता.

आज सर्व्हिस सेंटरला फोन लावताना ताईने स्पीकर चालू ठेवायला लावला.

"वॉरंटी गेल्या महिन्यात संपलीय, सर. पुढची वाढवली होती का?"

"नाही."

"मग माणूस उद्या येईल. वाढवलेल्यांची कामं आधी असतात. तुमची असती तर आत्ता बदली मशीन पाठवलं असतं. दुरुस्ती होईपर्यंत ते तुमच्याकडेच राहतं."

"बदली मशीन? ते कुठे लिहिलं होतं?"

"कागदावर, सर. पहिल्याच ओळीत."

त्याच्या दुकानातल्या कागदात असलं काही नव्हतं. तिथे फ्रिज बिघडला तर भाजी सडते आणि माणसं चिडतात, एवढंच. सगळे कागद सारखे, हे तो धरून चालला होता.

"भाड्याने द्या. म्हणाल ते देतो."

"जास्तीचं एकही नाहीये, सर."

फोन ठेवल्यावर ताई म्हणाली, "एक ओळ होती रे. एकच." मग उठून आईचं अंथरूण नीट करायला लागली. ते नीटच होतं.

सिलिंडर जेमतेम दुपारपर्यंत पुरणार होता आणि तो भरून देणाऱ्याची गाडी संध्याकाळशिवाय येणार नव्हती. दुसऱ्या सिलिंडरवाल्याने फोन उचलला नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघू नका, ॲडमिट करा. हे आईने ऐकलं.

"तिकडे नको. मागच्या वेळी माझे हात बांधून ठेवले होते." थोडा वेळ तिने नुसता श्वास घेतला. "तू म्हणाला होतास, परत नेणार नाही. गॅरंटी म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

"तुझ्या दुकानात नेऊन ठेव मला. एक्स्चेंजमध्ये एखादी बरी आई मिळेल."

ताई हसली आणि तोंडावर पदर धरून बाहेर गेली.

अकराच्या सुमाराला दुकानातून मॅनेजरचा फोन आला. सुट्टी मान्य आहे, पण एक आजोबा फ्रिजपाशी अडलेत. दोन शब्द बोल, तुझं ऐकतील. याने नाही म्हणायच्या आत फोन आजोबांच्या हातात गेला होता.

"अहो, हे म्हणतात तुम्ही खरं सांगता. घ्यावी का ही वाढीव? तुम्ही घेतली आहे का घरी?"

या प्रश्नाचं त्याचं उत्तर ठरलेलं होतं: हो, प्रत्येक वस्तूवर. ते त्याच्या तोंडापर्यंत आलं.

"कागद आहे का हातात?" त्याने विचारलं.

"आहे."

"पहिली ओळ वाचा."

"चष्मा राहिला घरी."

"मग चष्मा घेऊन या. वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि वाचल्याशिवाय नाहीही म्हणू नका."

मॅनेजरने फोन परत घेतला. "अरे, गेलं ना गिऱ्हाईक! बरा आहेस ना तू?"

दुपारी ताईने सिलिंडरचा प्रवाह थोडा कमी करून पाहिला. ऑक्सिमीटरचा आकडा लगेच उतरला. तिने प्रवाह पुन्हा होता तसा केला. सर्व्हिस सेंटरला त्याने आणखी चार वेळा फोन केला. चौथ्या वेळी तिथली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "एक माणूस तुमच्या भागात आहे. मधे वेळ मिळाला तर डोकावायला सांगते. पण नक्की नाही, सर."

"गॅरंटी नाही म्हणते," तो ताईला म्हणाला. हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सचा नंबर तिने फोनवर काढून ठेवला होता.

"लावू?"

आईने त्याचं मनगट धरलं होतं. पकडीत जोर नव्हता, पण सुटत नव्हती. तो सिलिंडरच्या काट्याकडे बघत राहिला.

अडीच वाजता काटा लाल पट्ट्यात शिरला. ताईने न विचारता फोन लावला, पत्ता सांगितला, मजला सांगितला.

आईने डोळे उघडले. "मशीनवाला आला?"

खाली फाटकाशी एक गाडी थांबली. दार लोटल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं वाजली. ती मशीनवाल्याची की ॲम्ब्युलन्सवाल्यांची, हे अजून कळलेलं नाही.