पात्र करणारी

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे. दाखले, आधार, निराधारची पेन्शन, घरकुल, सरकारकडे जे काय मागायचं ते आधी माझ्या टेबलावर येतं. माधुरी म्हणून मला कमी लोक ओळखतात. "ती पात्र करणारी" म्हटलं की वाड्या-पाड्यांतलं कुणीही माझं दुकान दाखवेल. मला त्याचा गर्व होता.

पात्र करायची एक रीत असते. माणूस खरंच गरजू असतो, पण साहेबापुढे गेला की त्याच्या अंगात काय संचारतं कोण जाणे. कसं चाललंय विचारलं की म्हणतो, "बरा हाय." झालं, अपात्र. म्हणून मी आधी तयारी करून घेते. धडकं लुगडं नेसून जाऊ नको. काठी घेऊन जा. गुडघा दुखतो ना, मग दुखतो म्हणून सांग, लाजतेस कसली? अकरा वर्षांत शंभरेक म्हाताऱ्या मी अशा कण्हायला शिकवल्या. खोटं बोलायला नाही शिकवलं, असलेलं जरा ठळक करायला शिकवलं, असं मी स्वतःला सांगायची.

माझा बा, लडकू, आई गेल्यापासून गावात एकटा राहतो. मुरबाड-शहापूर रस्त्यावरून आत, डोंगराला लागून आमचं गाव. मी रविवारी जायची, दोन दिवस पुरेल एवढं रांधून ठेवायची आणि संध्याकाळच्या जीपने परत यायची. जाईन तेव्हा बा ओट्यावर बसलेला असे. "काम झाला का रे बा?" "झाला." एवढंच आमचं बोलणं. खोकला होता, पण चाळीस वर्षं विड्या ओढलेल्या माणसाला खोकला नसेल तरच नवल.

दिवाळीच्या आधी शहापूरला छातीच्या तपासणीचं शिबिर होतं, तिथे मी त्याला ओढूनच नेलं. फोटोत डाग निघाला. आमच्याकडे डाग म्हणजे टीबी. पण थुंकीत काही निघालं नाही, मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, सुई घालून तुकडा काढला, आणि मी पुढे, बा मागे अशा तीन हेलपाट्यांनंतर कळलं की कॅन्सर आहे. मी तिथल्या बाकावर बसून रडले. बा समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता, जशी काही बातमी दुसऱ्याच कुणाच्या बापाची आहे.

डॉक्टर म्हणाले, एक बरं आहे, लवकर सापडलाय. गाठ फुप्फुसातच आहे, बाहेर पसरलेली दिसत नाही. मग त्यांनी औषधाच्या एका चाचणीचं सांगितलं. ऑपरेशनच्या आधी एक नवीन इंजेक्शन द्यायचं, त्याने कॅन्सर उलटण्याचा धोका कमी होतो का ते बघायचं. निम्म्या पेशंटना नवीन, निम्म्यांना नेहमीचं औषध, कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. नवीन औषध बाहेर घ्यायचं म्हटलं तर आमच्या सात पिढ्यांच्या आवाक्यात नव्हतं.

"पण सगळ्यांनाच घेत नाही," ते म्हणाले. "आधी पात्रता तपासावी लागेल. चाचणीचं काम बघणाऱ्या नेहा मॅडम तुम्हाला तारीख देतील."

पात्रता. घरी येईपर्यंत तो एकच शब्द माझ्या कानात होता, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. कॅन्सर मला कळत नव्हता. पात्रता कळत होती.

तारखेच्या आधीच्या रविवारी मी बाला ओट्यावर समोर बसवलं आणि तयारी सुरू केली.

"डॉक्टर विचारल, दिवसभर काय करता. काय सांगशील?"

"काय सांगू?"

"पडून असतो म्हणायचा. काम होत नाय. चार पावलं चाललो का दम लागतो."

"बरा."

"संडासला जाताना पण मधे थांबतो म्हणायचा."

त्याने दाराशी ठेवलेल्या कळशीकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि पाण्याची कळशी उचलवत नाय. तांब्या तांब्यानं आणतो."

"वा रे बा. हे तर लय भारी." मी हसले. तोही थोडा हसला. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखाली इतका हुशार उमेदवार आला नव्हता, असं मी त्याला म्हटलंसुद्धा.

माझा नवरा अनिल रात्री जेवताना म्हणाला, "आजाऱ्याला आणखी आजारी कशाला करतेस गो?" मी त्याच्यावर खेकसले. ज्याला स्वतःचा उत्पन्नाचा दाखला कधी काढता आला नाही, त्याने मला शिकवू नये, असं काहीतरी बोलले. तो ताट उचलून मोरीकडे गेला.

ठरल्या दिवशी आम्ही पहाटेची एसटी धरली आणि कल्याणवरून पुढे लोकलने गेलो. स्टेशनपासून मी बाला रिक्षात घातलं, हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअर मागून घेतली. तो "कशाला, कशाला" करत होता. मी डोळे वटारले तसा मुकाट्याने बसला.

नेहा मॅडम तिशीतली बाई, आवाज मऊ. तिच्यापुढे छापील कागद होता आणि ती एकेक मुद्दा विचारून खूण करत होती. वय बसत होतं. आजार सुरुवातीच्या टप्प्यातला आहे, बरोबर. कॅन्सरवर आधी कसला उपचार घेतलाय का? नाही. टीबी? नाही. झाडपाल्याचं औषध चालू आहे का? नाही. किडनी, लिव्हर, रक्ताचे रिपोर्ट ठीक. प्रत्येक खुणेबरोबर माझा जीव भांड्यात पडत होता.

मग डॉक्टर आले, बाच्या समोर बसले आणि नेमकं तेच विचारलं. "लडकू काका, दिवसभर काय करता?"

बाने एक शब्द चुकवला नाही. पडून असतो. चार पावलांवर दम लागतो. संडासला जाताना थांबतो. कळशीचंही सांगितलं. हळू, खाली बघून, साहेबापुढे बोलावं तसं. डॉक्टर मधेमधे मान हलवत होते. त्यांनी कागदावर एका चौकटीत तीन लिहिलं.

तीन. मी मनात म्हटलं, किती पैकी आहेत कोण जाणे, पण शून्य तर नाही.

नेहा मॅडमने तो आकडा बघितला आणि पेन खाली ठेवलं. "ताई, सॉरी. इथे शून्य किंवा एकच चालतो."

"म्हणजे?"

"शून्य म्हणजे माणूस पूर्वीसारखी सगळी कामं करतो. एक म्हणजे जड कामं नाही जमत, पण हिंडतो-फिरतो. तीन म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात. एवढ्या अशक्त माणसाला हे औषध धोक्याचं ठरू शकतं, म्हणून त्यांना घेत नाहीत."

मला आधी समजेचना. जो जास्त आजारी, त्याला कमी? मग समजलं. जगात अशीही एक यादी असते जिथे धडधाकट माणसाचं नाव आधी लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. विचारायचं काय, पात्रता तर मला तोंडपाठ होती.

"खोटं आहे ते," मी म्हणाले. "साहेब, सगळं खोटं आहे. मी शिकवलं त्याला. मी निराधारचे अर्ज भरते, तिथे असंच सांगावं लागतं. तो चालतो, शेतात जातो, आत्ता कार्तिकात भात कापलाय त्याने. कापलास ना रे बा?"

बा खाली बघत राहिला.

"तुमच्या पाया पडते, तो आकडा खोडा. चूक माझी आहे, त्याच्या जिवावर कशाला?" मी खरंच वाकले. नेहा मॅडमने मला धरलं.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, चिडलेल्या साहेबाशी कसं वागायचं ते मला येतं. ते म्हणाले, "आकडा तुमच्या किंवा माझ्या म्हणण्यावर नको ठेवूया. काका, सहा मिनिटं चालून दाखवाल? या पॅसेजमध्ये, इथून त्या लाल पट्टीपर्यंत आणि परत. दम लागला तर थांबायचं, त्यात कमीपणा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चाचणीत नाही बसले तरी उपचार थांबणार नाहीत. पण ऑपरेशन झेपेल का, हेही मला यातूनच थोडं कळेल."

म्हणजे आता नुसतं इंजेक्शन नाही, ऑपरेशनही त्या पॅसेजवर येऊन ठेपलं होतं. मी बाच्या कानाशी वाकले. "बा, नाटक संपला. आता नीट चालून दाखव. शेतावर जातोस तसा." त्याने माझ्याकडे बघितलं. मग व्हीलचेअरचे हात धरून उठला.

नेहा मॅडमने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि घड्याळ सुरू केलं. मी त्याच्यासोबत चालले तर चालेल, पण हात धरायचा नाही, असं मला बजावलं. बा निघाला. काय निघाला! ताठ, पाय उचलून, उन्हाळ्यात लग्नाला निघावं तसा. लाल पट्टीला वळसा घालून परत आला तेव्हा मी डॉक्टरांकडे बघितलं, बघा, म्हटलं होतं ना मी.

दुसऱ्या फेरीत पट्टी यायच्या आधीच त्याचा वेग गेला. खांदे वर यायला लागले. तोंड उघडं पडलं. मग तो थांबला आणि भिंतीला हात लावला.

मी दात आवळून म्हटलं, "बा, अरे आता नाय करायचा तसा. आता उलटा दाखवायचाय."

त्याला बोलायला वेळ लागला. "मी काय करतच नाय गो."

"म्हणजे?"

"खराच हाय. सगला."

"आणि भात?"

"देवरामनं कापला. मी बांधावर बसून होतो." देवराम म्हणजे आमचा शेजारी. दर रविवारी मला वाटेत भेटायचा, काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि मी घाईत असायची. "म्हसा गावच्या जत्रंला पण नाय गेलो. चढ लागतो जीपपतुर."

"मला का नाय सांगितलास?"

"सांगितला की." त्याने श्वास ओढला. छातीत बारीक शिटी वाजत होती. "त्या दिवशी, ओट्यावर. तू हासलीस."

त्याचे ओठ जांभळट दिसत होते आणि मी, दर रविवारी दोन दिवसांचं रांधून ठेवणारी त्याची मुलगी, ते पहिल्यांदा बघत होते. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

"अजून सव्वातीन मिनिटं आहेत, काका," नेहा मॅडम मागून हळूच म्हणाली. "थांबायचं असेल तर थांबा."

बाने भिंतीवरचा हात काढला. लाल पट्टीकडे बघितलं. "जातो मी," म्हणाला. "होईल एवढा करतो. तुला पायजे ना." आणि एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"बा," मी म्हटलं, "खरा सांग. चालवतं का तुला?"

त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. या वेळी कुठलं उत्तर द्यायचं ते तो शोधत होता. मी काहीच शिकवलं नाही.

"नाय," तो म्हणाला.

मी मागे वळून खुर्ची मागितली.