लाल अक्षरांचा फलक

मित्रांनो, मी एक जुना विद्युत फलक आहे. आगगाडीचे चालक गाडीवर जाण्यापूर्वी ज्या खोलीत हजेरी लावतात, तिच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. मी अद्याप बंद पडलेलो नाही, हीच माझी तक्रार आहे.

माझ्या जागी पूर्वी काळा फळा होता. कुठे रूळ खचला, कुठे गाडी हळू न्यायची, हे हजेरी कारकून त्यावर खडूने लिहीत असे. निरोप दूरध्वनीवरून येई आणि लिहून होईतो एखादी गाडी सुटलेली असे. त्यावर उपाय म्हणून माझी निर्मिती झाली. नियंत्रण कक्षात कळ दाबली की मजकूर क्षणार्धात माझ्यावर उमटतो. मी आजवर एकदाही उशीर केलेला नाही.

मात्र फळ्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. कारकून प्रत्येक चालकाकडून मजकूर मोठ्याने वाचून घेत असे. "नुसते ओठ हलवू नका, आवाज येऊ द्या!" असे तो दरडावी. सर्वांत ज्येष्ठ चालकाला सगळे अण्णा म्हणत. ते म्हणत, "अरे, बायकोसमोरही मी इतकं बोलत नाही!" आणि खणखणीत वाचत. माझ्या उद्घाटनाला साहेब म्हणाले, "आता एवढा झगझगीत फलक आहे. शाळेतल्यासारखं वाचून कशाला घ्यायचं?" टाळ्या पडल्या.

मला दोन रंग दिले होते: सामान्य सूचनेसाठी हिरवा आणि केवळ धोक्यासाठी लाल. आरंभी हा नियम पाळला गेला. लाल अक्षरे उमटली की गप्पा थांबत, चहाचा पेला हातातच राही.

मग लाल मजकूर सगळे वाचतात, हे वरच्यांच्या लक्षात आले. झाले! गणवेशाच्या गुंड्या नीट लावण्याची सूचना लाल झाली. निबंधस्पर्धा लाल झाली. साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही 'तातडीचे' या शीर्षकाखाली झळकल्या.

"लाल दिसला की थांबायचं, यावर आपलं पोट," अण्णा आपल्या सहायकाला म्हणाले. "आणि इथे रोज लाल ओलांडायची सवय लावतायत."

सहायक त्यांचा सख्खा भाचा होता. "जाऊ दे रे मामा. साहेबांचा केक वितळला तर? तातडीचंच की!"

दोघे हसले. पुढे कोणी हसेनासेही झाले. निष्कारण पुनःपुन्हा दिलेल्या इशाऱ्याची दखल मेंदू घेत नाही; हा आळस नव्हे, मेंदूची रचनाच तशी आहे.

एका सकाळी रुळांखालून पाणी वाहून नेणाऱ्या मोरीजवळचा भराव खचला. 'तातडीचे: मोरीवरून गाडी अतिशय हळू न्या' हा मजकूर तत्काळ माझ्यावर उमटला. अण्णा समोरच सही करत होते. त्यांनी मान वर केली आणि पहिला शब्द तेवढा पाहिला.

"पुन्हा गुंड्या," ते भाच्याला म्हणाले आणि निघाले.

मला प्रकाश आहे, आवाज नाही.

गाडी मोरीवर घसरली. भाच्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी याच खोलीत झाली.

"मजकूर फलकावर होता?" साहेबांनी विचारले.

"होता," अण्णा म्हणाले.

"तुम्ही फलकाकडे पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग आमच्याकडून काय राहिलं?"

अण्णा उत्तरले, "साहेब, तुम्ही दाखवलंत. सांगितलं नाहीत."

हे वाक्य कोणी टिपून घेतले नाही. माझी वेळ मात्र तपासली गेली आणि अचूक ठरली. माझी प्रशंसा झाली. अण्णांची नोकरी गेली. त्यानंतर माझ्यावर एक नवी ओळ कायमची आली, अर्थात लाल: 'तातडीचे: फलकाकडे लक्ष द्या.'

भाच्याला हजेरीच्या टेबलावर बसवले आहे. त्याने पहिल्याच दिवशी खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली. चालक सही करायला वाकला की तो म्हणतो, "मागे काय लिहिलंय? मला दिसत नाही. वाचा, आवाज येऊ द्या." गुंड्यांपासून मोरीपर्यंत सगळे वाचून झाल्याखेरीज तो वही पुढे सरकवत नाही.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. 'तातडीचे' हा शब्द मात्र जपून वापरा. तो एकदा मळला की कोणत्याही फडक्याने स्वच्छ होत नाही.