डेन्मार्कच्या स्थळाची चौकशी

यल्लाप्पामामा बंगळूरच्या सिटी बसमध्ये तिकीट तपासनीस होते. नोकरीतून ते निवृत्त झाले, त्यांची नजर मात्र झाली नाही. जयनगरात लोक सांगतात, एकदा बसच्या आरशात स्वतःलाच बघून त्यांनी पास मागितला, आणि पास निघेना तेव्हा स्वतःला पुढच्या स्टॉपवर उतरवलं. ही निव्वळ अफवा आहे. उतरवलं नाही, दंड करून सोडलं.

अशा माणसाच्या दारात त्यांची भाची शिवलीला होस्टेल सोडून आली. इंजिनीअरिंग संपलं होतं. रिक्षात गादीची वळकटी, बादली, आणि मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडून सुजलेले डोळे. पण चहा पोटात गेल्याबरोबर तिनं डोळे पुसले आणि बातमी फोडली.

"मामा, डेन्मार्कला इंटर्नशिप लागली की मला! पवनचक्कीच्या पात्याला तडे गेलेत का, ते तपासायचं. सहा महिने. राहायला खोली देणार, वर सायकल देणार."

मामांनी बशी खाली ठेवली. "सायकल कशाला?"

"ऑफिसला जायला."

"म्हणजे गावात बस नाही."

"बस आहे की, मामा."

"बस असून सायकल देतात?" मामांचे डोळे बारीक झाले. "मुलाखतीत काय विचारलं?"

"प्रोजेक्टचं विचारलं."

"घरचं? आई कुठली, मामा कोण?"

"ते कशाला विचारतील?"

मामा चंद्राबाईंकडे, म्हणजे मामीकडे, वळले. "ऐकलंस? पोरगी सहा महिने ठेवून घेणार, आणि चौकशी काही नाही. ज्यांना दुसऱ्याचं काही विचारायचं नसतं ना, त्यांना स्वतःचं काही सांगायचं नसतं."

"तुम्ही गप बसा स्वल्प," मामी म्हणाल्या. "पोरीला जेवू द्या."

पण गप बसून भागणार नव्हतं. निपाणीहून शिवलीलेच्या आईनं, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीनं, कस्तुरीनं, फोनवर बजावलं होतं, "अण्णा हो म्हणाला तर जा. नाही म्हणाला तर घरी ये." आणि कंपनीला शुक्रवारपर्यंत होकार हवा होता.

मुलगी द्यायची तर आधी स्थळ बघायचं, ही मामांच्या घराण्याची रीत. पाहुण्यांना विचारून काय होणार, पाहुणे गोडच बोलणार. गुपचूप त्या गावात जायचं आणि गिरणीवाल्याला, न्हाव्याला, समोरच्या दुकानदाराला बोलतं करायचं. याच रीतीनं मामांनी निम्म्या निपाणीची लग्नं मोडली होती आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांना आमंत्रण देणं सोडलं होतं. आता डेन्मार्कला न्हावी कुठला शोधणार?

वरच्या मजल्यावर पुण्याचा शार्दूल भाड्यानं राहायचा. त्याचं ऑफिस बेळ्ळंदूरला. सकाळी गुळगुळीत दाढी करून निघालेला माणूस ट्रॅफिकमधून तिथं पोचेपर्यंत साधूसारखा दिसायला लागतो, म्हणून त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. मामा जिना चढून त्याच्याकडे गेले.

"काका, ॲक्च्युअली कंपनी जेन्युइन वाटतेय," त्यानं लॅपटॉपवर बघून सांगितलं. "वेबसाइट मस्त आहे."

"वेबसाइट त्यांनीच केली ना? समोर काय आहे, ते बघ."

"समोर? हां, मॅपवर एक बेकरी दिसतेय. नंबर पण आहे. पण काका, तुम्ही खरंच फोन... ओ काका!"

मामांनी लावला होता.

पलीकडे एक बाई बोलली. मामांचं इंग्रजी बसमध्ये शिकलेलं, त्यामुळे थेट आणि खणखणीत. समोरच्या ऑफिसात माणसं किती, कशी? संध्याकाळी किती वाजता जातात? नंतर आत कुणी असतं का? दिवे असतात का? कुत्रं आहे का? बाई आधी हसून बोलत होती, मग अडखळत बोलायला लागली, आणि शेवटी तिनं नाव विचारलं तर मामांनी हुशारीनं फोन ठेवला. चौकशी करणाऱ्यानं नाव सांगायचं नसतं.

खाली येऊन त्यांनी निकाल दिला. "ऑफिस चार वाजता ओस पडतं. चारला बंद होतं ते कसलं ऑफिस? साहेब पावासाठी रांगेत उभा राहतो. स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच केक नेतो. साहेबाला शिपाई नाही, मान नाही. तो साहेब नव्हेच! कस्तुरीला नाही म्हणून कळवतो."

"मामा, तिकडं तशीच पद्धत आहे!" शिवलीला ओरडली. "चार वर्षं मी कशासाठी रात्रंदिवस..."

तिचा फोन वाजला. मेल वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला.

"काय केलासा हे, मामा?" ती हळूच म्हणाली. "भारतातून कुणीतरी बेकरीत फोन करून ऑफिस कधी रिकामं असतं, दिवे कधी विझतात, राखणीला कुत्रं आहे का, असं विचारलंय. त्यांना वाटतंय, दरोडा घालायचा बेत आहे. भारतातून येणारी मी एकटीच. माझी इंटर्नशिप रोखून धरलीय. आत्ताच्या आत्ता व्हिडिओवर बोलायचंय."

मामा इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. पडद्यावर हेन्रिक नावाचा लांब तोंडाचा, फिक्या डोळ्यांचा साहेब होता. त्यानं मामांकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मामांनी लगेच ओळखली. तिकीट नसलेल्या माणसाकडे ते स्वतः जन्मभर तसंच बघत आले होते.

"ऑफिस रिकामं कधी होतं, हे का विचारलंत?" साहेबानं विचारलं.

"मुलीला रात्री एकटीला थांबवून घेता का, ते बघायला."

"आणि कुत्रं?"

मामा घुटमळले. "ती कुत्र्याला घाबरते. लहानपणी चावलं होतं. मीच नेलं होतं इंजेक्शनला."

शिवलीलेनं मान फिरवली. साहेबाचा चेहरा मात्र हलला नाही. "कशावरून खरं?"

"आमच्या शेजाऱ्यांना विचारा की! इस्त्रीवाला आहे, नंबर देतो..."

"नको," साहेब म्हणाला. "तुम्ही दिलेल्या माणसाला मी नाही विचारणार. पत्ता माझ्याकडे आहे. कुणाला विचारायचं ते मी ठरवीन."

पडदा बंद झाला. थोड्या वेळात समोरच्या फुटपाथवर शिवकुमार, मामांच्या घरासमोरच्या बेकरीचा मालक, कानाला फोन लावून उभा दिसला. मामांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. रोज खारा बन, म्हणजे मसाल्याचा तिखट पाव, घेण्याआधी ते त्याच्या बनावर टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि वास घेऊन परत ठेवायचे. शिवकुमार त्यांचं नाव ऐकलं तरी दात खायचा. आता तो हात उडवून उडवून बोलत होता.

"संपलं," शिवलीला म्हणाली.

पुन्हा फोन आला. या वेळी साहेबाचे डोळे ओले होते, हसून हसून.

"तुमचा बेकरीवाला म्हणाला, हा माणूस चोर असणं शक्यच नाही. चोरी करायला एका तरी साथीदारावर विश्वास लागतो. याचा स्वतःच्या सावलीवर नाही. माझा बन तर हा असा तपासतो, की बनालाच आपण गुन्हा केला असं वाटावं." मग साहेब शिवलीलेला म्हणाला, "तुझी जागा तशीच आहे. पण घरचे पाठवणार आहेत ना?"

मामा पडद्याकडे बघत राहिले. हा माणूस त्यांच्या शब्दावर भुलला नव्हता. त्यांनी पुढे केलेला साक्षीदार यानं नाकारला, स्वतःचा शोधला, आणि तोही वैरी शोधला! अशी चौकशी निपाणीत तरी कुणाला जमली होती? एवढ्या लांब बसून?

"सरी, ठीक आहे," मामा म्हणाले. "पाठवणार. माणूस कसोशीचा आहे."

त्यांनी लगेच निपाणीला फोन लावला. "कस्तुरे, माझा होकार आहे. पोरीला जाऊ दे."



"अण्णा, खरं सांग," कस्तुरी म्हणाली. "तू एवढ्यात हो म्हणालास? काय झालंय? पोरीनं रडून कबूल करून घेतलं? का तुला बरं नाही? वैनीला दे फोन."

"अगं, मी चौकशी केली!"

"तू चौकशी करून हो म्हणालास? मग तर काहीतरी घोटाळा आहेच. मला त्या साहेबाचा नंबर दे बघू."

मामा पदरचं सगळं इंग्रजी, मराठी आणि कन्नड खर्चून बहिणीला समजावत राहिले. शिवलीला केव्हाच आतल्या खोलीत गेली होती. दार लावून घेऊन तिनं होकाराचा मेल पाठवला आणि मगच श्वास सोडला.