आवाजाचं बटण

एक बटण डोळ्यांसमोर आणा बरं. रेडिओचं, गोल, बोराएवढं, कडेला बारीक खाचा असलेलं. खाचांत मळ साचलाय, आणि चिमटीत धरून फिरवलं की ते आधी किंचित अडतं, मग एकदम सैल होतं... आणलंत? आता असं समजा, की तो रेडिओ इथे नाहीच, घरी फळीवर आहे, आणि तरीही न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेली एक मुलगी फ्रॉकच्या रिकाम्या खिशात हात घालून ते बटण फिरवते आहे — पुढे, मागे, पुढे.

तिला मुंगी म्हणत. हे नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण चालताना तिचं पाऊल वाजत नसे. शेजारी आई होती, आणि समोरच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा. आईला घटस्फोट हवा होता आणि मुंगी आपल्याजवळ हवी होती. बाबा मारतात, असं तिनं न्यायाधीशांना सांगितलं होतं. बाबांनी शांतपणे, जराही न चिडता म्हटलं होतं, की बाई मनानं थकली आहे, काहीबाही बोलते. आणि बाबा असे गोड बोलत, की घटकाभर मुंगीलासुद्धा वाटलं — खरंच, तसंच असेल.

दार उघडून शेजारच्या काकू साक्ष देऊन बाहेर आल्या. आईची सगळी भिस्त त्यांच्यावर होती, कारण दोन्ही घरांची भिंत एकच. त्या आईसमोर उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या,

"रागावू नकोस ग. शपथ घेऊन खोटं कसं सांगू? तुमच्या घरातून आम्हाला ऐकू आली ती गाणीच. मी तर ह्यांना म्हणायची, बघा, किती हौशी माणसं आहेत."

आई रागावली नाही. तिनं मान हलवली आणि काकूंना बसायला जागा करून दिली.

मुंगी खाली बघू लागली. कान तापले होते. गाणी... हो, गाणीच. पहिल्यांदा बाबांनीच सांगितलं होतं, अगदी लाडानं — मुंगे, जरा आवाज वाढव ग. तिनं वाढवला. सांगितलेलं ऐकावं, असं सगळेच शिकवतात, नाही का? पण नंतर... नंतर सांगावं लागत नसे. बाबा मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर ठेवत, आणि ते ठेवल्याचा टक् आवाज झाला की मुंगी आपली आपण उठे. त्या वेळी आई स्वयंपाकघरात असे. रेडिओ मोठा झाला की ती गॅस बंद करी, हात पुसून उभी राही. म्हणजे आईला आधी कळे ते माझ्यामुळे. बाबांच्या पावलांमुळे नाही, माझ्यामुळे.

आणि याहूनही वाईट एक गोष्ट होती, जिच्याकडे मुंगी मनातसुद्धा सरळ बघत नसे. एकदा तिचं आवडतं गाणं लागलं होतं, आणि ती भिंतीकडे तोंड करून ते म्हणू लागली, कडव्यामागून कडवं... आणि पाठीमागे स्वयंपाकघरात काय चाललंय ते विसरली. खरंच विसरली. गाणं संपलं तेव्हा तिला वाईट वाटलं, ते गाणं संपल्याचं.

"आमची मुंगी मोठी झाली की रेडिओवरच लागणार कामाला," बाबा पाहुण्यांना सांगत, आणि सगळे हसत. आईसुद्धा.

वकीलबाई आईजवळ वाकून हलक्या आवाजात बोलल्या. डॉक्टरला तरी खरं सांगितलं असतंत तर... पण तिथेही तुम्ही घसरून पडले म्हणालात. आता मुलीशी समुपदेशक बाई बोलतील, तेवढंच उरलंय. नाहीतर ती वडिलांकडे जाऊ शकते. मुंगीला ऐकू जाऊ नये म्हणून त्या कुजबुजत होत्या. मोठ्या माणसांना वाटतं, कुजबुजलं की मुलांना ऐकू येत नाही.

आई मुंगीला एवढंच म्हणाली, "जे असेल ते सांग. नाही सांगावंसं वाटलं तरी चालेल."

हे 'चालेल'च नेमकं मुंगीला सोसेना. रागावली असती, तर बरं झालं असतं.

समुपदेशक बाईंची खोली लहान होती. टेबलावर रंगीत खडू होते, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर एक जुना पंखा खडखडत होता. बाईंनी मुंगीचं नाव विचारलं, शाळा विचारली. मग म्हणाल्या, काकू म्हणतात तुमच्याकडे फार गाणी लागायची. कोण लावायचं?

मुंगीचे ओठ हलले. तिला वाटलं आपण सांगितलं.

बाई पुढे वाकल्या. "पंख्याच्या खडखडाटात ऐकूच येत नाही बघ. जरा आवाज वाढव, बाळ."

खिशातला हात तिथेच थांबला. आवाज वाढव... सांगितलं तर आई वाचेल, पण मी कोण ते सगळ्यांना कळेल. आईला तर ते माहीतच होतं. इतके दिवस माहीत होतं, आणि तरी रोज सकाळी ती माझी वेणी घालत होती...

आवाज काही वाढेना. बाई थांबल्या होत्या.

मग मुंगी खुर्चीवरून उतरली, कोपऱ्यात गेली आणि पंख्याचं बटण चिमटीत धरून तिनं ते उलटं फिरवलं. ते आधी किंचित अडलं. पाती गरगरत, रेंगाळत, एक एक दिसू लागली आणि थांबली. दाराबाहेर आईनं घसा खाकरला, तेसुद्धा ऐकू आलं. मुंगी त्या शांततेत बाईंकडे वळली, बोटं अजून बटणावरच ठेवून.