मागच्या दाराचा साक्षीदार

“साक्षीदार?” अधिकाऱ्यांच्या क्लबाच्या भटारखान्यात सार्जंट क्रलने बटाट्यांची टोपली पायाने पुढे ढकलली. “इथं जो येतो तो काहीतरी असतोच. कालचा म्हणाला, मी बॅप्टिस्ट पंथाचा आहे. चल, बटाटे सोल.”

कॉर्पोरल लिअँडर प्रूइटने टोपलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या विजारीकडे. तिची इस्त्री इतकी कडक होती की तिच्या धारेवर बटाटा चिरता आला असता. कोर्टापुढे उभं राहायचं म्हणून त्याने सकाळी लवकर उठून ती केली होती.

“सार्जंटसाहेब, आत आज कोर्ट मार्शल आहे. शिपाई टीगच्या बाजूने मला...”

“आत कोर्ट आहे म्हणजे जेवायला साहेब लोक जास्त. साहेब जास्त म्हणजे बटाटे जास्त. हा हुकूम समज.”

हुकूम म्हटल्यावर प्रश्न मिटला. तो मोडला असता तर आणखी एक कोर्ट मार्शल भरलं असतं, आणि त्याला साक्षीदार कुठून आणायचा? लिअँडरने एप्रन चढवला.

तसं प्रकरण साधं होतं. छावणीच्या बसथांब्यावर गोऱ्या शिपायांनी बस भरेपर्यंत काळ्यांनी थांबायचं, हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुईझियानाचा त्या काळचा रिवाज. वॉर्डेल टीग थांबला होता. फक्त थांबता थांबता तो बाकावर टेकला, आणि बाक गोऱ्यांचा निघाला. लष्करी पोलिसाने त्याच्या डोक्यात दंडुका घातला. दुसऱ्यांदा घालायला गेला तेव्हा वॉर्डेलने तो वरच्या वर धरला. डोकं वॉर्डेलचं फुटलं, पण हल्ला पोलिसावर झाला, असं ठरलं. लिअँडर हातभर अंतरावर उभा होता. आणखी कोणी काही पाहिलं नव्हतं. निदान पाहिलं असं म्हणायला कोणी तयार नव्हतं.

बचावासाठी सैन्याने लेफ्टनंट हॅल्वरसन नेमून दिले. ते उत्तरेतल्या मिनेसोटाचे, मनाने सज्जन आणि धंद्याने दातांचे डॉक्टर. लिअँडरची हकिगत ऐकताना त्यांची नजर सारखी त्याच्या दाढांवर जात होती. शेवटी म्हणाले, “कॉर्पोरल, तुमच्या साक्षीवर तो सुटेल. नाहीतर दहा वर्षं नक्की. कोर्टाच्या बराकीचं छप्पर उतरवलंय, म्हणून अधिकाऱ्यांच्या क्लबात बसणार आहेत. मंगळवारी सकाळी या, मी हाक मारीन. आणि ती डावी दाढ एकदा दाखवून घ्या.”

कोणत्या दाराशी या, हे त्यांनी सांगितलं नाही आणि लिअँडरने विचारलं नाही. मिनेसोटाच्या गोऱ्या माणसाला दार म्हणजे पुढचं दार. दक्षिणेतल्या मेम्फिसच्या काळ्या माणसाला दार म्हणजे मागचं. यात विचारण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

लिअँडरने अर्धं आयुष्य मेम्फिसच्या एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवली होती. गोऱ्या बायांना टोप्यांच्या मजल्यावर सोडायचं, दार धरायचं आणि म्हणायचं, “पायाखाली बघा, बाईसाहेब.” त्याच्या बायकोला त्या मजल्यावर टोपी डोक्यावर घालून बघायची मुभा नव्हती. दिवसभरात तो एखाद्या डोंगराएवढा वर चढायचा आणि संध्याकाळी तळघराच्या दाराने घरी जायचा.

“अहो साक्षीदार,” चुलीपाशी कोंबडी तळणारी झेनोबियाबाई म्हणाली, “साल जरा पातळ काढा. असं अर्धं फेकत राहिलात तर कोर्टाला सांगणार काय?”

ती आत कॉफी देऊन आली की लिअँडर विचारी, “काय चाललंय?”

“पोलीस सांगतोय, टीगनं डोक्यानं त्याच्या दंडुक्यावर हल्ला केला.”

“आणि निकाल देणारे कर्नल?”

“मान डोलावतायत. एक तर पटतंय, नाहीतर डुलकी लागलीय.”

“मी इथं आहे म्हणून लेफ्टनंटना सांगितलंस?”

“मी कॉफी नेते बाबा, निरोप नेत नाही. त्यांच्यापुढं तोंड उघडलं तर उद्या ही चूल राहील का मला?”

तेवढ्यात लांबून, पुढच्या व्हरांड्यातून पुकारा आला. कॉर्पोरल लिअँडर प्रूइट.

तो ताडकन उठला. मधे एक झुलतं दार होतं आणि त्यापलीकडे कोर्ट. हातात तबक असल्याशिवाय त्या दारातून कोणी काळा माणूस गेला नव्हता. मग तो इमारतीला वळसा घालून पळाला. पुढच्या पायऱ्यांवर दुसराच एक लष्करी पोलीस उभा होता.

“मला आत बोलावलंय.”

पोलिसाने एप्रन पाहिला. “भटारखाना मागं.”

“मी साक्षीदार आहे. आत्ता नाव पुकारलं ते माझंच. प्रूइट.”

“प्रूइट साक्षीदार आहे. तू आचारी आहेस.” पोलीस शांतपणे म्हणाला, त्याचं काही वैर नव्हतं. “तुझ्या हातात बटाटा आहे.”

हे मात्र नाकारता येत नव्हतं. लिअँडरने बटाटा खिशात घातला आणि एप्रनची गाठ सोडायला घेतली. घामाने ती आवळली होती.

“हजर,” तो आतल्या दिशेने म्हणाला. चांगलं मोठ्याने म्हणाला.

पोलिसाचा हात दंडुक्यावर गेला. दंडुक्याचं पुढे काय होतं आणि झालेल्याला काय म्हणतात, हे लिअँडरने पाहिलेलं होतं. गाठ सुटेपर्यंत आतून शब्द आले: साक्षीदार गैरहजर, पुरावा संपला, जेवणाची सुट्टी.

तो मागे आला. एप्रन पुन्हा बांधला, कुस्करलेल्या बटाट्यांचं भांडं तबकात ठेवलं आणि झुलत्या दारातून सरळ आत गेला. आत जायला काय लागतं ते त्याला आता कळलं होतं.

लेफ्टनंटांच्या पानात वाढताना तो हळूच म्हणाला, “साहेब, मी प्रूइट.”

त्यांचा घास थांबला. “कॉर्पोरल? कुठं होतात? मी पुढं व्हरांड्यात तुमच्यासाठी खुर्ची ठेवून घेतली होती.”

“मागच्या दाराशी होतो.”

“मागं कशाला?”

याचं उत्तर द्यायला मेम्फिसपासून सुरुवात करावी लागली असती, आणि रस्सा निवत होता. लेफ्टनंटच लालबुंद होऊन उठले आणि कर्नलच्या कानाशी लागले. कर्नलनी तोंड पुसलं. ते काटेकोर गृहस्थ होते.

“साक्षीदार हा? यानं कोर्टाला वाढलं?”

“होय सर, पण...”

“मग आता साक्ष कशी घेणार? ज्याच्या हातचं कोर्टानं खाल्लं त्याचंच ऐकलं, तर उद्या लोक म्हणतील, कोर्ट बटाट्यांवर फिरलं.” त्यांनी ताट पुढे केलं. “झालेत मात्र छान. थोडे आणखी वाढ.”

लिअँडरने वाढले.

निकाल झेनोबियाबाईने उष्ट्या कपांबरोबर आणला. दहा वर्षं, सक्तमजुरी.

वॉर्डेलला भटारखान्यातूनच बाहेर काढलं. डोक्याला पट्टी, हातात बेड्या, मागे दोन पहारेकरी.

“सकाळी पुढच्या दारानं आणलं होतं मला,” तो म्हणाला. “जन्मात पहिल्यांदा. गालिचा काय मऊ आहे रे.”

“जेवलास?”

“आरोपीला वाढायचं कुणाला सुचलं नाही.”

झेनोबियाबाईने बटाट्यांची ताटली पुढे केली. “लवकर,” म्हणून पहारेकरी चुलीवरच्या कोंबडीकडे बघू लागले. वॉर्डेलचे हात अडकलेले, म्हणून लिअँडरने चमच्याने त्याला भरवलं.

“मीठ कमी आहे.”

“कर्नलना आवडले.”

“मग कमीच आहे.” वॉर्डेलने घास गिळला. “मला वाटलं, तू आला नाहीस.”

“सकाळपासून इथंच होतो. भिंतीपलीकडं.”

वॉर्डेलने कोपऱ्यातल्या सालींच्या ढिगाकडे पाहिलं. ढीग गुडघ्याएवढा होता.

“दिसतंय,” तो म्हणाला.

लिअँडरने चमचा ठेवला, पुढे होऊन जाळीचं दार उघडलं आणि एका हाताने धरून बाजूला ताठ उभा राहिला.

“पायाखाली बघ, वॉर्डेल.”

वॉर्डेल पायरी उतरला. ट्रक सुरू झाला आणि पाइनच्या झाडांमधल्या तांबड्या रस्त्याला लागला.

“दार लाव,” सार्जंट क्रल मागून म्हणाला. “माश्या येतायत.”

लिअँडर दार धरून उभा राहिला. ट्रक अजून दिसत होता. माश्या आत येत राहिल्या.