लेझरच्या फाटकावरचा क्रूस

तौबा हैफाहून येणार म्हणून माझ्या सुनेने, ऑरिकाने, घर असं घासून काढलं होतं की मला माझ्याच खुर्चीवर बसायची चोरी. युद्धात ज्यांनी ज्यू शेजाऱ्यांना हात दिला त्यांच्या यादीत माझं नाव घालायचं, म्हणून तौबा कागद घेऊन आली होती. याश शहरात आमचं घर ताठ मानेने वावरतं ते याच गोष्टीवर. आणि ती गोष्ट मीच सगळ्यांना सांगितलेली.

तौबा म्हणजे आमच्या शेजारच्या लेझर पत्रेवाल्याची पोर. एक्केचाळीस साली चार वर्षांची होती. आता साठीला टेकलेली, जाड भिंगांचा चष्मा. ऑरिकाने रिवाजाप्रमाणे चेरीचा मुरांबा आणि गार पाणी पुढे केलं.

"घ्या हो, आईंच्या हातचा आहे. दुसऱ्या कुणाला चूल शिवू देत नाहीत."

"तू शिवलीस की करपतं म्हणून," मी म्हटलं.

तौबा हसली. "सफ्तामावशी, आमची आई मरेपर्यंत सांगायची. त्या रविवारी गल्लीत कुणी दार उघडत नव्हतं, तेव्हा तुम्ही एकट्या आलात. क्रूस असूनही शिपाई आत शिरले, ते आमचं नशीब. पण तुम्ही काढला होतात."

काढला होता. ते खोटं नाही. जिथे ख्रिस्ती राहतात त्यांनी फाटकावर खडूने क्रूस काढावा, म्हणजे ज्यूंना शोधणारे शिपाई ते घर वगळतील, अशी बातमी त्या सकाळी फिरली होती. मी आमच्या फाटकावर काढत होते. कुंपणापलीकडून लेझर म्हणाला, "सफ्ता, आमच्याही फाटकावर एक काढ गं. माझा हात वळत नाही त्याला."

"एवढाले पत्रे वळवतोस आणि हे होत नाही?" मी म्हटलं आणि काढला. चांगला ठसठशीत.

गोष्ट सांगताना पंचावन्न वर्षं मी इथेच थांबत आले.

"आई, सही करा ना," ऑरिका म्हणाली. पेन तिने माझ्या बोटांत दिलंच होतं. सही करायला मला वेळ लागत नाही, तीन इयत्तांत तेवढं शिकले. पण समोर ती पोर बापाच्याच भुवया घेऊन बसलेली.

"दुपारी वरच्या गल्लीतून गोळ्यांचे आवाज यायला लागले," मी म्हटलं. "लेझर ज्यू आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा क्रूस कुणी काढला म्हणून विचारलं तर? मी ओलं फडकं घेतलं आणि तुमचं फाटक पुसलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच. तासाभरात शिपाई आले. आमचं घर सोडलं, तुमच्या घरात शिरले. तुझ्या बापाला बाहेर काढलं तेव्हा त्याने फाटकाकडे बघितलं, मग आमच्या खिडकीकडे. मी पडदा ओढला."

पुढचं तिला ठाऊक होतं. मालगाडीचे बंद डबे, जूनमधलं ऊन, पाण्याचा थेंब नाही.

"वय झालंय हो त्यांचं," ऑरिका घाईने म्हणाली, "काहीतरी गोंधळ..."

"गप्प बस. माझं डोकं तुझ्यापेक्षा जागेवर आहे."

तौबाने माझ्या हाताखालचा कागद ओढून घेतला. मला वाटलं, थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं.

"क्रूस राहिला असता तर बाबा वाचले असते?"

नसतेच वाचले, असं म्हणायला जीभ किती वळवळली माझी. स्वतःला मी तेच तर सांगत आले.

"माहीत नाही," मी म्हटलं. "ते कळायची सोयच मी ठेवली नाही."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "दर नाताळला आई तुम्हाला पत्र पाठवायची. आभाराचं."

"हो," मी म्हटलं. "आणि मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं."